दोन कॅमेरे आणि एकवीस मुद्दे

किस्से कुणी ठरवून साठवत नाही. आमच्या घरी एक पत्र्याचा डबा आहे. त्यात कुलूप हरवलेल्या किल्ल्या, सुटी बटणं, चष्म्याचे स्क्रू असं काहीबाही जमत जातं. टाकून द्यायचा धीर होत नाही, म्हणून. महाडला बापूच्या फोटो स्टुडिओबाहेरच्या बाकावर आम्ही रोज सकाळी तासभर बसायचो. तिथले किस्से असेच जमले. ते मी सांगावेत की नाही, याची मला शंकाच आहे. मालती, म्हणजे माझी बायको, म्हणते, "तुम्ही किस्सा सांगायला बसलात की आधी तारीख पडताळता. तोवर ऐकणारा घरी जातो."

तर तारीख सांगत नाही. मोबाइलमधला कॅमेरा तेव्हा नावापुरता होता आणि रोलचा कॅमेरा जायला निघाला होता, एवढं पुरे.

बाकावर आम्ही तिघे. बापू स्टुडिओचा मालक. सावंत एसटीतून निवृत्त. पोलादपूरच्या स्टँडवर कंट्रोलर होते, त्यामुळे आवाज अजूनही माइक हातात असल्यासारखा. आणि मी. कॉलेजात एकतीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं, त्यातही प्रकाशशास्त्र. डॉक्टरेट भिंगांवर. मला एक डिजिटल कॅमेरा घ्यायचा होता आणि कुठला घ्यावा, हे ठरत नव्हतं.

सावंत येणाऱ्याजाणाऱ्याला माझी ओळख करून द्यायचे, "हे आमचे सर. भिंगात पीएचडी. दोन वर्षं झाली, अजून दुकानात शिरायचेत!"

*

कॅमेरा हवा होता तो मालतीचा फोटो काढायला. अडतीस वर्षांच्या संसारात तिचा एकही धड फोटो नाही. दोष माझाच. रोलचा कॅमेरा होता माझ्याकडे. पण मी आधी उजेड बघणार, मग पावलांनी अंतर मोजणार, मग पुन्हा उजेड बघणार, कारण तोवर ढग आलेला असतो. अल्बमभर मालतीचा एकच चेहरा: हात वर, तोंड उघडं, "झालं का हो?" विचारताना.

एकदा मी म्हटलं, "अगं, जरा हस की!"

"हसले होते," ती म्हणाली. "तुमचं होईपर्यंत नासलं ते."

त्यातूनही जे दोन-चार बरे फोटो होते, ते सावित्रीच्या पुरात गेले. पाणी ओसरल्यावर अल्बम उघडला तर पानं एकमेकांना घट्ट चिकटलेली. बापूने वाफ देऊन हलक्या हाताने ती सोडवली. लग्नातला मालतीचा चेहरा सुटला खरा, पण तो समोरच्या पानावरच्या माझ्या काकांवर जाऊन बसला.

तेव्हापासून काकांना नथ आहे.

*

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण मध्येच सावंतांच्या पत्नी वारल्या आणि भिंतीवर लावायला त्यांचा एकटीचा फोटोच घरात सापडेना. शेवटी मतदार ओळखपत्रावरचा फोटो बापूने मोठा करून दिला. ओळखपत्रावर माणूस कसा दिसतो, ते आपल्याला ठाऊक आहे.

महिन्याभराने मी त्यांच्या घरी गेलो. सावंत भिंतीकडे न बघता म्हणाले, "सर, उभ्या आयुष्यात बाईने माझ्यावर आवाज चढवला नाही. आणि आता बघा कशी बघते! चहात दुसरा चमचा साखर घालायची चोरी झालीय."

मी हसलो. तेही हसले. मग कप खाली ठेवून म्हणाले, "ती अशी दिसायची नाही हो, सर."

घरी आलो, मालती ताक घुसळत होती. मी तिच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं असावं.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही," म्हटलं आणि नवी वही काढली.

*

वहीत मी मधोमध रेघ मारली. डावीकडे मोठा, म्हणजे डीएसएलआर, त्यातला पहिल्या पायरीचा. लेन्स बदलता येते, गळ्यात अडकवावा लागतो. उजवीकडे छोटा, शर्टाच्या खिशात मावतो आणि कुणाला कळत नाही. लेन्स, सेन्सर, वजन, बॅटरी असे मुद्दे पाडून गुण द्यायला लागलो. मुद्दा सहा: पूर आल्यास माळ्यावर नेताना कुठला सोपा? मुद्दा अकरा: माझा हात थरथरतो. मुद्दा बारा: तो खरंच थरथरतो, की मला तसं वाटतं?

बेरीज दर वेळी सारखी यायची. मग मी नवा मुद्दा शोधायचो.

बापू म्हणाला, "सर, मोठा घ्या. त्याचा सेन्सर मोठा असतो."

"अरे, ते मला माहीत आहे. मी शिकवलंय ते!"

"मग घ्या की!"

"शिकवणं वेगळं, बापू."

मालतीने एकदा ती वही पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली आणि विचारलं, "माझ्याशी लग्न ठरवताना अशी वही केली होतीत का?"

मी घाबरून म्हणालो, "नाही, नाही!"

"तरीच," ती म्हणाली आणि भाजी निवडायला गेली.

यातून तिला नेमकं काय म्हणायचं होतं, हे मला अजून कळलेलं नाही.

*

छोट्या कॅमेऱ्याचा अनुभव पोलादपूरला आला. सावंतांच्या मुलीने मुंबईहून त्यांना एक पाठवला होता. त्यांच्या भाच्याच्या लग्नात त्यांनी तो माझ्या हातात दिला. "सर, तुमची परीक्षा होऊन जाऊ दे!"

त्या कॅमेऱ्याला एक खोड होती. बटण दाबलं की लगेच फोटो काढायचा नाही. आधी जरा विचार करायचा. मला तो एकदम आपल्यातला वाटला.

मंगलाष्टकं संपली, अंतरपाट दूर झाला, ताशा कडाडला. मी बटण दाबलं. कॅमेऱ्याने विचार केला. मग फोटो काढला. त्यात भटजींची पाठ होती, उडालेल्या अक्षता होत्या आणि जेवणाच्या मांडवाकडे धावणारं अख्खं वऱ्हाड होतं. नवरा-नवरी नव्हते.

सावंतांची बहीण, म्हणजे नवऱ्याची आई, तो फोटो बघून म्हणाली, "काय रे दादा, तुज्या सरांनी लगीन काढलंय की पंगत?"

घरी येऊन मी मालतीला कॅमेऱ्याची ती खोड समजावून सांगितली: बटण दाबणं आणि फोटो निघणं यात वेळ का जातो, आत काय चालतं वगैरे.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. "नका आणू तो. घरात एक आहे तेवढा पुरे."

*

मोठ्याची परीक्षा कशेडी घाटात झाली. बापूने लग्नाच्या कामांसाठी डीएसएलआर घेतला होता. त्याने तो मला एका दिवसापुरता दिला आणि मी आणि सावंत खेडला निघालो. वाटेत दरड आली होती. ट्रकांची रांग. डोझर होता, पण उभा. चालक झाडाखाली विडी ओढतोय, मुकादम छत्री उघडून दगडावर बसलेला. पाऊस थांबला होता, दरडीत मातीचे थर सुरेख दिसत होते, म्हणून मी गळ्यातला कॅमेरा डोळ्याला लावला.

मुकादम ताडकन उठला. "ए, पेपरवालं आलं रं! चालू कर, चालू कर!"

डोझर धडधडायला लागला. एक ट्रकवाला खाली उतरला आणि भांग पाडून माझ्यासमोर उभा राहिला. "साहेब, गाडीचा नंबर नको. फक्त मी."

मला फार अपराधी वाटलं. मी मुकादमाला सांगायला गेलो, "अहो, मी पत्रकार नाही, मी निवृत्त..."

सावंतांनी माझं कोपर दाबलं. "सर, गप्प बसा. रस्ता होतोय."

पाऊण तासात रस्ता मोकळा झाला. वहीत नोंद केली, मुद्दा एकोणीस: दरड उपसायला मोठाच. एक गुण.

फोटो मात्र मी काढला नाही. उजेड जुळेना.

*

दिवाळी झाली आणि आमच्या नितीनचा फोन आला. मुलगा पुण्याला नोकरीला. कंपनीच्या कामासाठी महिनाभर सिंगापूरला गेला होता. "बाबा, इथे कॅमेरे भरपूर आहेत. रविवारी निघतोय. शनिवारपर्यंत सांगा, मोठा आणू की छोटा?"

तो सोमवार होता. वहीत वीस मुद्दे झाले होते आणि बेरीज सारखी होती. मी एकविसावा मुद्दा लिहिला: प्रत्यक्ष प्रयोग. एकच माणूस, एकच उजेड, एकाच वेळी दोन्ही कॅमेरे.

उजेडाचा प्रश्न कोंडीबाने सोडवला. कोंडीबा कुडपणचा. गावठी तूप घेऊन बाजाराच्या दिवशी आमच्याकडे यायचा. त्याचा मुलगा माझा विद्यार्थी, आता मुंबईला असतो. कोंडीबा म्हणाला, "सर, हितं काय उजेड बघताव? आमच्या पठारावर या. उजेडाला कमी नाय."

बुधवारी जीप करून आम्ही निघालो. मी, मालती आणि सावंत. बापूचा मोठा, सावंतांचा छोटा असे दोन्ही कॅमेरे, कॅमेरा ठेवायचं तिकाटणं आणि वही.

पठारावर खरोखरच काचेसारखं ऊन होतं. मी म्हटलं, आधी कोंडीबाच्या बायकोचा, हिराबाईचा, एक फोटो काढू. ती मागे सरली. "नाय गो बाय," ती मालतीला म्हणाली, "येकटीचा नको. येकटीच्या फोटोला हार चडतो."

"मंग शेळी घे की संगती!" कोंडीबा म्हणाला.

शेळी आणली. अंगणाच्या दगडी गडग्यावर हिराबाई आणि शेजारी शेळी, असा फोटो सावंतांनी छोट्यावर पटकन घेऊन टाकला. शेळीचं काम झालं. तिला मोकळी सोडली.

मग मालती बसली, एकटीच. हिराबाईने विचारलं, "तुमास्नी भ्या नाय वाटत?"

"कसलं भ्या? माझ्या फोटोला हार चढायचा नाही," मालती म्हणाली. "झेंडूचा की शेवंतीचा, हे आधी यांचं ठरायला हवं ना!"

तिकाटण्यावर मोठा कॅमेरा, मागे मी. शेजारी छोटा घेऊन सावंत. माझ्या पाठीमागे दगडावर वही उघडून ठेवलेली, वाऱ्याने उडू नये म्हणून वर खडा. मी उजेड बघितला. अंतर मोजलं. ढग आला. थांबलो. ढग गेला. पुन्हा उजेड बघितला. समोर मालतीचा तो नेहमीचा चेहरा तयार होत होता. हात वर यायला लागला होता. मला वाटलं, झालं, हाही गेला.

आणि एकदम तिचे ओठ हलले. ती माझ्या खांद्यावरून मागे कुठेतरी बघत होती. तिने पदर तोंडाला लावला, मग तोही सुटला आणि ती हसली. डोळ्यांसकट, खांद्यांसकट हसली! अशी मी तिला नितीनच्या बारशानंतर बघितली नव्हती.

मी अंतर मोजलं नाही. उजेड बघितला नाही. दाबलं. सावंतांचा कॅमेराही वाजला. त्यांना त्याच्या खोडीची सवय होती, ते आधीच दाबून बसले होते.

नोंद करायला मी मागे वळलो. दगड होता, खडा होता, वहीचा पुठ्ठा होता. बाकीची वही शेळीच्या तोंडात होती. माझ्यादेखत एकविसावा मुद्दा आत गेला.

"अहो, कुणी सांगितलं कसं नाही?" मी सावंतांवर ओरडलो. "तुम्हाला दिसत होतं ना?"

"दिसत होतं की," सावंत म्हणाले. "पण वहिनी हसत होत्या, सर."

कोंडीबा कासावीस झाला. "सर, लय म्हत्त्वाचं कागूद व्हतं का?"

मालती डोळे पुसत म्हणाली, "नाही हो, कोंडीबा. त्यातलं यांना सगळं पाठ आहे."

"मंग ठीक. पचंल तिला," कोंडीबा म्हणाला. "मागल्या म्हयन्यात तिनं माजा सातबारा खाल्ला. तरी दूद देते."

*

शुक्रवारी बापूने दोन्ही फोटो पोस्टकार्डाएवढे छापून काउंटरवर ठेवले. दोन्हींत मालती हसत होती. मी चष्मा पुसला. मग बापूचं भिंग मागून घेतलं. पदराची जर बघितली, गडग्याचे दगड बघितले, कपाळावरची बट बघितली. दहा मिनिटांनी एकावर बोट ठेवलं. "हा मोठ्याचा."

बापूने उलटून बघितलं. मागे पेन्सिलने 'छोटा' लिहिलं होतं.

"भिंगात पीएचडी," तो सावंतांकडे बघून म्हणाला. पण सावंत ऐकत नव्हते. त्यांनी दुसरा फोटो हातात घेतला होता. बऱ्याच वेळाने त्यांनी तो माझ्या हातात दिला.

"वहिनी अशाच दिसतात, सर," ते म्हणाले.

शनिवारी संध्याकाळी नितीनचा फोन आला. "बाबा, उद्या फ्लाइट आहे, दुकान तासाभरात बंद होईल. आता शेवटचं विचारतो. मोठा की छोटा?"

वही नव्हती. दोन्ही फोटो समोर होते. मी म्हणालो, "हे बघ नितीन, त्याचं असं आहे, एका दृष्टीने..."

मालतीने माझ्या हातून फोन घेतला.

"नितीन, कॅमेरा तुला आवडेल तो आण रे," ती म्हणाली. "शेळीची सोय इकडे झालीय."