हळदीकुंकू लागलेला लॅपटॉप

"चालत न्हाय तर देव्हाऱ्यात ठेव. पूजा तर केलीच हाय तुमी."

श्रीवर्धनच्या दुकानदाराने लॅपटॉप माझ्याकडे ढकलला. दुकानातली माणसं हसली. आईने तो इथूनच घेतला होता. झाकणावर तिने लावलेलं हळदीकुंकू होतं. शेजारी कंपनीचा स्टिकर: 'नवी सिस्टीम चालणार'. आईला वाचता येत नाही, तरी स्टिकर खराब होऊ नये म्हणून तिने बोट जपून टेकवलं होतं.

नवी सिस्टीम चाललीच नाही. आदल्या दिवशी टाकायला गेले, तर पडद्यावर एकच ओळ: 'या संगणकावर चालणार नाही'. आणि नव्या सिस्टीमशिवाय नोकरीची परीक्षा उघडत नव्हती. परीक्षा दुपारी, घरून. म्हणून सकाळच्या एसटीने म्हसळ्याहून आले होते.

मी हात जोडले. हो, जोडले.

"शेट, बदलून द्या. दुपारी परीक्षा हाय माझी."

"हळद लागलेला माल कोण घेणार? बाजूला उभी ऱ्हा."

राहिले. झाडूजवळ. मनात स्वतःलाच शिव्या घालत होते. आपण गावचे, आपल्यालाच अक्कल नाही.

मग मुंबईचा एक बंगलेवाला आला. त्याला खुर्ची, थंड पाणी. त्याने माझ्यासारखाच लॅपटॉप उचलला. तोच स्टिकर. शेट लगबगीने म्हणाला, "साहेब, हा नका घेऊ. स्टिकरचं काय मनावर घेता? नवी सिस्टीम यात चालत नाही. हा गावच्या लोकांसाठी ठेवलाय."

तळपायाची आग मस्तकात गेली. याला माहीत होतं. माझ्या आईला विकताना माहीत होतं.

मी पुढे झाले. माझा लॅपटॉप साहेबासमोर काउंटरवर आपटला. शेट धावला आणि नखाने माझा स्टिकर खरवडायला लागला. मी त्यावर तळहात दाबून धरला.

"हात काढ."

"न्हाय काढत."

त्याचं नख माझ्या बोटात रुतलं. साहेब दुसरा, महागडा घेऊन निघून गेला. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही. भिंतीवरच्या घड्याळात माझी परीक्षा सुरू झाली आणि संपली. मी सगळ्यांसमोर रडले. पुढच्या वर्षी वय बसणार नाही. नोकरी गेली ती गेलीच.

तेव्हापासून मी त्याच्या दारात उभी राहते. येणाऱ्याला स्टिकर दाखवते, मग पडद्यावरची ओळ दाखवते. परवा शेटने निरोप धाडला, मागच्या दाराने ये, गपचूप बदलून देतो.

मी उलट निरोप धाडला: मागच्या दाराने येणार नाही. आधी फळीवरच्या सगळ्या लॅपटॉपचे स्टिकर काढ, गिऱ्हाइकांदेखत. मग माझ्याशी बोल.