नलूच्या दारातलं पायपुसणं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आता माझ्या ओळखीतलं कुणी वाचत असेल तर हसेल — काका, तुम्ही आणि न सांगितलेलं काही? बरोबर आहे. आमच्याकडे बारसं असो, साखरपुडा असो, नाहीतर कुणाचं तेरावं असो, जेवणं आटोपली की मला सतरंजीच्या मधोमध बसवतात आणि म्हणतात, हं, सांगा. मी रिक्षावाल्याला पत्ता सांगतानासुद्धा आधी प्रस्तावना करतो, असं माझी बायको म्हणते. अशा माणसाच्या पोटात काही राहिलं असेल यावर विश्वास कोण ठेवणार?

पण राहिलंय. आणि ते लपवलं कुठे म्हणाल, तर एका गोष्टीतच. सगळ्यांना तोंडपाठ असलेल्या, हमखास हशा घेणाऱ्या गोष्टीत. तिथे कोण शोधणार?

आधी पायपुसण्यांबद्दल सांगतो. एकदम मुद्द्यावर येणं मला जमणार नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

कंटेनर यार्डातली माझी नोकरी पाठीच्या दुखण्यापायी सुटली आणि मी पनवेलच्या आमच्या दोन खोल्यांत दिवसभर बायकोच्या पायांत घोटाळू लागलो. तेव्हा मुलीने वैतागून एक झिगझॅग टाक्याचं मशीन आणून दिलं आणि फोनवर व्हिडिओ दाखवला. कपडे वाळत घालायची साधी सुती दोरी घ्यायची. चिंध्यांच्या दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या करायच्या. पट्टी तिरकी धरून दोरीवर गुंडाळत जायची, दोरी अजिबात दिसता कामा नये. मग ती गुंडाळलेली दोरी चकलीसारखी वळवत, वेढ्याला वेढा मशीनवर जोडत जायचं. सोपं वाटतं ना? माझं पहिलं पायपुसणं सपाट राहायलाच तयार नव्हतं. दोरी जास्त ओढली की कडा वर उचलतात, हे मला कुठे ठाऊक! त्याची टोपली झाली. बायकोने त्यात कांदे ठेवले. अजूनही आहेत — म्हणजे कांदे नवे, टोपली तीच.

मग हात बसला. बाजारातले शिंपी चिंध्यांची पिशवी भरून द्यायचे. माझ्या कामाला मी 'गालिचा' म्हणायचो, बाकी सगळे पायपुसणं.

आई जाऊन तेव्हा काही महिनेच झाले होते. आई उरणकडच्या जासई गावची. तिची एक सवय होती — चांगली वस्तू ती कधी कपाटात ठेवायची नाही. चिंध्यांच्या बोचक्यात ठेवायची, जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून. आम्ही हसायचो. ती म्हणायची, "हसा. चोराला चिंध्या दिसल्या का तो हात नाय लावत."

चोराने नाही लावला.

त्या बोचक्यात तिचं एक लुगडं होतं. जांभळं इरकल, लाल पदराचं. आता त्याचं एवढं काय, ते सांगायला हवं. माझी धाकटी बहीण नलू. तिने स्वतःच्या मर्जीने, जातीबाहेर लग्न केलं. आमच्या वडिलांनी, अण्णांनी, घरात बजावून ठेवलं होतं — कुणी जायचं नाही. मी गेलो नाही. मोठा भाऊ मी, नोकरीला लागलेला, मिशा असलेला — आणि घरात बसून पेपर वाचत होतो. आई गेली. अण्णांच्या देखत ते जांभळं लुगडं नेसली, चपला घातल्या आणि गेली. नोंदणीच्या कचेरीत नलूच्या बाजूला उभी असलेली एकटी आमची आई. त्या दिवसाचा एकच फोटो आहे आणि त्यात सगळ्यांत आधी ते लुगडं दिसतं.

शेवटच्या आजारपणात आईने मला दोनदा सांगितलं होतं. "त्या बोचक्यात नलूचं लुगडं हाय. तिला दे. इसरू नको." मी म्हणालो, नाही विसरणार. नलू म्हणाली होती, दादा, आत्ता नको, मला बघवणार नाही. वर्षश्राद्धाला आले की नेईन.

मी विसरलो. इथवर मला कुणी काही बोलणार नाही, माणूस विसरतो. एका दुपारी चिंध्या संपल्या म्हणून मी आईचं बोचकं ओढलं. अभ्र्यात हात घातला, जांभळ्या कापडाचं टोक हाताला लागलं, घडी पुरती न उलगडताच काठाशी कात्रीने चीर दिली आणि टर्रकन फाडलं. लांबच लांब पट्टी निघाली. मला आनंद झाला हो! इतकी लांब पट्टी चिंध्यांत कधी मिळते का? दुसरी फाडली. मग घडी सुटली आणि लाल पदर माझ्या मांडीवर पडला.

मी ओळखलं. लगेच ओळखलं.

आता नीट ऐका, कारण मी आजवर स्वतःलासुद्धा हे वेगळ्या शब्दांत सांगत आलोय — चुकून झालं, कळलंच नाही. तसं नाही. दोन पट्ट्या चुकून फाटल्या. एका बाजूचा काठ गेला होता. बाकी लुगडं अख्खं होतं. तिथे थांबलो असतो, तर नलू रडली असती, मला चार शब्द बोलली असती आणि उरलेलं लुगडं छातीशी धरून घेऊन गेली असती. पण मी बसल्या बसल्या हिशेब केला — फाटलेलं लुगडं दाखवावं लागतं. नाहीसं झालेलं दाखवावं लागत नाही.

बायको माहेरी शिरढोणला गेली होती. मी उरलेलं सगळं लुगडं फाडलं. पदरावर आईने केलेलं रफू होतं, बारीक, मुंगीच्या ओळीसारखं. तिथे कापड फाटेना. तिथे कात्री लावली.

मग त्या पट्ट्यांचं करायचं काय? घंटागाडीत टाकवेना. दोन खोल्यांच्या घरात जाळणार कुठे? मग मला येणारं एकमेव काम मी केलं. दोरीवर गुंडाळल्या. लाल, जांभळं, लाल, जांभळं. आणि त्याच्यावरून पँटच्या करड्या चिंध्यांचा आणखी एक थर दिला. माझ्या हातचं सगळ्यांत जाड आणि सगळ्यांत सपाट पायपुसणं तेच. भीतीने हात किती नेटका चालतो!

वर्षश्राद्धाला नलू आली. पानं वाढायच्या आधीच म्हणाली, "दादा, आईचं लुगडं काढून ठेवलंस ना?" सगळे बसलेले. मी तोंड उघडलं — आणि शपथेवर सांगतो, काय बाहेर पडणार आहे हे मलाही माहीत नव्हतं. "अगं, लुगडं कुठलं! आईनेच ते बोहारणीला दिलं." जुने कपडे घेऊन भांडी देणारी बोहारीण आमच्या आळीत येते, आईचं आणि तिचं कायम वाजायचं, त्यामुळे पुढचं सगळं आपोआप सुचत गेलं. आई कशी उंबऱ्यावर ठाण मांडून बसली, बोहारीण कशी छोटं पातेलं पुढे करत होती, आई कशी म्हणाली, "लुगडं इरकल हाय, तुजं पातेलं काय चांदीचं हाय?" आणि शेवटी पातेल्याबरोबर झाकणही कसं उकळलं. मी दोघींचे आवाज काढले. भटजीसुद्धा हसले.

नलूही हसली. जरा उशिरा. मग विचारलं, "झाकण बसतं का रे नीट?" पुन्हा हशा.

हात धुताना मात्र माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "मला वाटायचं, त्या लुगड्याचं मोल तिला माझ्याइतकंच असेल."

तेव्हा बोलायला हवं होतं, नाही का? नळ चालू होता. मी तो बंद केला, एवढंच.

खोट्याला भांडी लागतात, हे मला नंतर कळलं. नलूने फोन केला, "मला ते पातेलं तरी दे, लुगड्याच्या बदल्यातलं." घरात असं पातेलं कुठे होतं? भांड्याच्या दुकानात गेलो. दुकानदार विचारतो, नाव काय घालू? मी नको म्हणालो, तर तो माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी बिननावाचं मूल घेऊन चाललोय. घरी आणून वाळूने आणि तारेच्या घासणीने घासत बसलो, जुनं दिसावं म्हणून. बायकोने विचारलं, हे काय? म्हटलं, व्यायाम.

नलू आली. पातेलं घेतलं. निघताना माझ्या मशीनपाशी तिचा पाय थांबला. "दादा, हे किती गुबगुबीत झालंय! हे मला दे." मी दुसरी दाखवली, नवी, रंगीत, फुलाफुलांची. तिला तेच हवं होतं. काय म्हणून नाही म्हणणार? मी खिडकीत उभा राहून बघितलं — एका हातात पातेलं, दुसऱ्या काखेत गुंडाळलेलं पायपुसणं, आणि माझी बहीण रिक्षा थांबवतेय. आईचं लुगडं घेऊन ती गेली आणि ते तिला ठाऊक नव्हतं.

तेव्हापासून तिच्या खारघरच्या फ्लॅटच्या दारात ते आहे. येणारा-जाणारा त्यावर पाय पुसतो. मी गेलो की शेजारून उडी मारून आत जातो. पाठदुखीचा माणूस, उडी मारतो! नलूची नात टाळ्या पिटते.

आणि मला भीती वाटते. आईच्या आत्म्याबित्म्याची नाही. तिने एव्हाना तिथे बोहारीण शोधून भांडण सुरू केलं असेल. मला भीती वाटते दोऱ्याची. मी किती टिकाऊ दोरा वापरला होता? पायाने घासून करडा थर किती वर्षं पुरतो? फोनवर नलूचं नाव दिसलं की आधी तो चारदा वाजू देतो, मग मी 'बोल गं' म्हणतो. एकदा तिने ते वॉशिंग मशीनमध्ये धुतलं. "दादा, पाणी जांभळं आलं रे!" म्हटलं, नव्या चिंध्या रंग सोडतातच. एकदा ती आमच्याकडे असताना खाली बोहारणीची हाक आली. नलू चपला न घालता जिना उतरली. मी वरून बघत होतो. ती बोहारणीला हातवारे करून काठ दाखवत होती, पदर दाखवत होती. बोहारीण मान हलवत होती. नलू वर आली आणि म्हणाली, "तिला नाही आठवत. रोज किती लुगडी येत असतील तिच्याकडे." आणि मी — मी तिला पाणी दिलं.

गोष्ट मात्र चालूच राहिली. दरवर्षी कुणीतरी म्हणतं, ती पातेल्याची सांगा. दरवर्षी तिच्यात नवा बारकावा येतो. बायको एकदा म्हणाली, "बाकीच्या गोष्टी सांगताना तुम्ही सगळ्यांकडे बघता. ही सांगताना भिंतीकडे बघता." मी त्यावरही विनोद केला.

गेल्या रविवारी नलू पायपुसणं घेऊन आली. कडेचा टाका उसवला होता आणि करडा थर विरून एक जागा उघडी पडली होती. बोटाच्या पेराएवढी. जांभळी. सोबत तिची नवी, धाकटी सून होती. नलूने त्या जागेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "आईच्या लुगड्याचा रंग असाच होता ना रे?"

मी म्हणालो, "जवळपास."

करडी पट्टी शोधली, वरून गुंडाळायला घेतली. पट्टी दोनदा हातातून सुटली. नलूला वाटलं वयाने. तिने दोरीचं टोक दोन्ही हातांनी ताणून धरलं, मला सोपं जावं म्हणून. आणि धरल्या धरल्या सुनेला म्हणाली, "अगं, ह्याच्याकडून आमच्या आईची पातेल्याची गोष्ट ऐक. दादा, सांग ना."

मी सांगितली.

पट्टी गुंडाळत, लुगडं झाकत, अख्खी सांगितली. दोघींचे आवाज काढून. सून पोट धरून हसली. नलूने हसता हसता दोरी जराही सैल सोडली नाही.

निघताना मी म्हणालो, शिवण पक्की व्हायला हवी, ठेवून जा आठवडाभर. ती ठेवून गेली.

आज सकाळी मी टाके उसवले. आधी करडा थर काढला, मग आतला. दोरी मोकळी झाली, आणली तेव्हा पांढरी होती ती जांभळट झालेली. पट्ट्या विटल्यात, चुरगळल्यात, टाक्यांची भोकं पडलीत. रफूचा तुकडा सापडला. सगळ्या साबणाच्या पाण्यातून काढल्या आणि त्याच दोरीवर बाल्कनीत वाळत घातल्या. बायको आली, तिने बघितलं आणि आतून चिमटे आणून दिले.

लुगडं आईने दिलं नाही. मी फाडलं. आई ते शेवटपर्यंत विसरली नव्हती.

नलू रविवारी येईल. आमची बाल्कनी दारातूनच दिसते.