मावशीचं नामंजूर

दूध संस्थेत माझ्या पुढं रोज एक म्हातारी किटली घेऊन उभी असायची. नाव मी कधी विचारलं नाही, सगळेच मावशी म्हणायचे. बोलणं तिरकं. मापवाल्यानं "आज दूध कावून कमी?" विचारलं, की म्हणायची, "म्हशीला इचार. ती बी सभासद हाय."

एका दुष्काळी वर्षी संस्थेच्या वार्षिक सभेला माणसं जमावीत म्हणून चेअरमननी संध्याकाळी जनावरांच्या निगेचा सिनेमा ठेवला. पाटोद्याहून रिळांचा डबा भलताच आला. कुठल्या तरी परक्या भाषेतला, गोष्टच नसलेला नाचाचा सिनेमा! उघड्या माळावर अनवाणी बाया नुसत्या नाचत होत्या. लोक फिदीफिदी हसले. मावशीची सुपारी मात्र गालातच थांबली आणि बोटं किटलीवर ताल धरू लागली. तिच्याकडं बघून मी हसणार होतो, पण माझीही नजर पडद्यावरून हटत नव्हती.

चेअरमन उठले. "चारा न्हाई, पाणी न्हाई, अन् नाच कसले बघता? बंद करायचं. मंजूर?"

"मंजूर!" सगळे सवयीनं ओरडले. आमच्या सभेत दुसरा शब्द कुणी कधी उच्चारलाच नव्हता.

"नामंजूर," मावशी बसल्या जागेवरून म्हणाली. "नाच बंद करून पाऊस पडत असंल, तर तसा ठराव करा. मी आंगठा देते."

 मशीनवाल्याचा हात बटणावरच राहिला.

"आणखी कोण नामंजूर?" चेअरमन गुरकावले.

मी हात वर करून उभा राहिलो. पडद्यावर नाच चालूच होता.

मागून मावशी खेकसली, "कळलं की! बसा आता खाली. मला दिसंना."