गालिच्याची पाठ

"आधी पाठ दाखवा."

कोणाच्याही घरी गेले की नमस्काराआधी काकांचं हे वाक्य यायचं. मग ते गुडघ्यावर बसत, जमिनीवर जे काही अंथरलेलं असेल त्याचा कोपरा उचलत आणि चष्मा कपाळावर चढवून खालच्या बाजूला डोळे लावत. पायपुसणंही त्यांच्या तावडीतून सुटलं नाही. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत ते चौथ्या मजल्यावर राहायचे. तुमच्या इमारतीतही असा एक जाणकार असेलच. त्याला घरी बोलवायची पंचाईत आणि न बोलवायचीही पंचाईत.

नोकरी त्यांची विमा कंपनीतली, जहाजात भिजलेल्या मालाचं नुकसान ठरवायची. त्यात जुने इराणी गालिचे हाताळून हाताळून त्यांना वेडच लागलं. काशानचा गालिचा शहरी, मधोमध पदकासारखं मोठं फूल, नक्षी आधी उस्तादानं कागदावर काढलेली. हेरीझचा खेडवळ, त्याच्या फुलांनाही कोपरे. आणि कश्काई भटक्यांचा? "तो बाई आठवणीतून विणते हो! कळप हलला की माग गुंडाळायचा, पुढच्या मुक्कामी परत ठोकायचा. म्हणून कडा वाकड्या. रंग संपला की नवा उकळायचा, म्हणून लाल मध्येच बदलतो. आणि मोकळी जागा दिसली की कोंबडी!" हे सांगताना त्यांचा चहा हमखास गार होई.

एकदा सेक्रेटरींनी मॉलमधून 'अस्सल इस्फहानी' गालिचा आणला आणि आम्हा सगळ्यांना बघायला बोलावलं. काकांनी कोपरा उचलला. खाली रबर.

"सेक्रेटरीसाहेब, इस्फहानात रबराची झाडं नाहीत."

त्यानंतर कमिटीनं माझी गळतीची तक्रार वर्षभर दाबून ठेवली, कारण मी मोठ्यानं हसलो होतो.

आता खरी गंमत ऐका. एवढ्या जाणकाराच्या हॉलमधला खराखुरा कश्काई गालिचा कायम उलटा घातलेला! लिलावात मिळालेला, अगदी जीव की प्राण. सुलट बाजू उन्हानं विटेल, पावलांनी झिजेल, म्हणून जगाला नुसती पाठ. पाहुणे पाठीवर बसायचे, चिवडा पाठीवर सांडायचे. काका स्वतः खिडकीखालच्या कोपऱ्यात मांडी घालून बसत आणि कप शेजारी टेकवत. तिथे चहाचा गोल डाग पडला होता. "पडू दे, पाठच आहे," ते म्हणत.

काकू मालवणच्या. त्यांचं मागणं एकच होतं. "इतकी वर्सां पाठच बघतंय मी. एक हळदीकुंकू तरी सुलट्या गालिच्यार करूक गावांदे माका!"

"पुढच्या वर्षी नक्की."

पुढच्या वर्षी कोणाच्या तरी टाचेला भेगा असत, कोणाचं तरी नातवंड रांगतं असे. सोसायटीतल्या एकाही बाईचे पाय त्या गालिच्याच्या लायकीचे ठरले नाहीत. मला भयंकर राग यायचा. ज्यावर कुणा भटक्या बाईनं आपली पोरं निजवली असतील, त्या गालिच्याला आमच्या बायकांच्या टाचांची भीती!

गेल्या पावसाळ्यानंतर काका अचानक गेले. दिवसपाणी उरकलं आणि काकूंनी मला नि माझ्या बायकोला वर बोलावलं.

"सुलटो करा तो गालिचो."

आम्ही दोन टोकं धरून तो उलटला. खोली एकदम लाल झाली. निळी फुलं, बकऱ्या, आणि कडेला खरंच एक कोंबडी. माझी बायको "अगं बाई!" एवढंच म्हणाली. सुंदर होता, मान्य करतो. काकांनी एक अक्षर वाढवून सांगितलं नव्हतं.

काकू बराच वेळ बघत राहिल्या. मग खिडकीखाली गेल्या, गुडघ्यावर बसल्या, कोपरा उचलला आणि खालच्या बाजूवरून हात फिरवला.

"परत उलटो करा रे," त्या म्हणाल्या. "तेंचो डाग खाली गेलो."

संक्रांतीला काकूंनी हळदीकुंकू केलं नाही. माझ्या बायकोनं केलं, त्यांच्याच हॉलमध्ये. सगळ्याजणी दाटीवाटीनं गालिच्याच्या पाठीवर बसल्या, खिडकीखालचा कोपरा सोडून.