अंगठे थकल्यावर

बाईंचे अंगठे आधी गेले. सव्वीस वर्षं इस्पितळाच्या तळघरातल्या फिजिओथेरपी विभागात लोकांच्या पाठी, माना, पोटऱ्या दाबून दाबून सांध्यांचा पार भुगा झाला होता. बरणीचं झाकण उघडायलाही त्या नवऱ्याला हाक मारत. तो म्हणे, "जगाची दुखणी बरी करतेस आणि स्वतःचं अंगावर काढतेस."

शेवटी विभागप्रमुखांनी सांगून टाकलं, "सुईचं प्रशिक्षण घ्या, नाहीतर नोंदणीच्या टेबलावर बसा." टेबलावर बसण्यापेक्षा सुई बरी, म्हणून बाई आपल्या हाताखालच्या ज्युनिअरला घेऊन तीन दिवसांच्या वर्गाला गेल्या. या सुईत औषध नसतं. स्नायूत जुनी गाठ असते, तिथे ती टोचायची. स्नायू एकदा उडतो आणि मग सैल पडतो.

शिकवणारा बाईंचाच जुना विद्यार्थी निघाला. उशिरा आला म्हणून बाईंनी एकदा त्याला वॉर्डाबाहेर काढलं होतं.

"मॅडम, ओळखलंत?"

"ओळखलं. आता तरी वेळेवर येतोस का?"

पहिला दिवस संत्र्यांवर आणि दुमडलेल्या टॉवेलांवर गेला. दुसऱ्या दिवशी एकमेकांवर टोचायचं होतं. ज्युनिअर पालथी झोपली. खांद्याच्या स्नायूखालीच फुप्फुसाचं टोक असतं, त्यामुळे स्नायू चिमटीत उचलून धरावा लागतो. बाईंनी धरला. चिमटी सुटली. पुन्हा धरला, पुन्हा सुटली. त्यांनी सुई ट्रेमध्ये ठेवली.

"मला नाही जमायचं. पोरीच्या जिवाशी खेळ नको."

शिकवणारा स्टूल घेऊन शेजारी बसला. "मग खांदा सोडा, मॅडम. मांडी, पोटरी, नितंब एवढंच करा. तिथे चिमटी लागत नाही. प्रमाणपत्रावर मी तसंच लिहीन."

म्हणजे अर्धं प्रमाणपत्र. त्रेपन्नाव्या वर्षी, आणि तेही आपण घडवलेल्या मुलाच्या हातून. बाईंना ते लागलं, पण खोटं काय होतं त्यात?

मग जागा बदलल्या. ज्युनिअरने बाईंच्या कोपराखाली चाचपून सुई टोचली. आतला स्नायू टणकन उडाला आणि बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"किती वर्षांचं आहे हो हे?"

"तू शाळेत जायच्या आधीपासूनचं."

सोमवारी इस्पितळात पहिला पेशंट आला तो बसचा ड्रायव्हर. कुल्ल्यातली कळ थेट पायात उतरायची. बाई चार वर्षं त्याला दाबत होत्या. त्याला सगळं समजावून, त्याचा होकार घेऊन त्यांनी सुई टोचली. स्नायू उडाला.

"बाई, आत उंदीर आहे का काय?"

"हलू नका, पळेल."

तीन सुया झाल्यावर तो कॉरिडॉरच्या टोकापर्यंत चालून आला. "गेलं नाही, पण कमी आहे." बाईंनी मनात जास्तीची आशा धरली होती. त्यांनी केसपेपरवर 'कमी' असं लिहिलं, सुया डब्यात टाकल्या आणि पुढच्याला बोलावलं.

दुपारी शिवणकाम करणारी आली. अकरा वर्षं तिचा खांदा बाईंच्याच हाती होता. ज्युनिअर पुढे झाली तशी ती कुरकुरली, "नको, तुम्हीच करा ना."

"माझ्या हातात आता तेवढी पकड राहिली नाही," बाई म्हणाल्या. कुठल्याही पेशंटला त्यांनी हे आजवर सांगितलं नव्हतं. शिवणकामवाली पालथी झोपली.

ज्युनिअर गाठ शोधत राहिली, सापडेना. बाईंनी एक बोट नेमक्या जागी टेकवलं. "इथे. थोडं तिरकं." ज्युनिअरने स्नायू चिमटीत उचलला, सुई टोचली, स्नायू उडाला, आणि झोपलेलीने लांब श्वास सोडला.

बाईंनी स्टूल ओढलं आणि बसल्या. कामाच्या वेळात त्या सहसा बसत नसत.