चांदवडच्या बँडची ‘अर्धी’

रविवार, १८ जानेवारी, सकाळी साडेदहा, चांदवड. हजर: तात्या म्हणजे माझे वडील, आई, माझी मुलगी, मी, आणि तात्यांच्या बँडमध्ये पहिल्यापासून ढोल वाजवणारे काका. गैरहजर: टेपरेकॉर्डर. तो आईने दिवाळीच्या साफसफाईत भंगारात दिला होता. त्यावरून पहिली दहा मिनिटं गेली.

नाशिकहून निघताना मी कामांची यादी केली होती. तात्यांची औषधं, शेगडीची दुरुस्ती, लग्नपत्रिकांचे गठ्ठे, आणि शेवटी बेचाळीस नंबर. तात्यांच्या दृष्टीने काम तेवढं एकच होतं.

तात्या बँडमास्तर. ऐकलेली चाल ते वहीत सरगममध्ये उतरवतात आणि तिला नंबर देतात. वरातीच्या गोंगाटात हाक ऐकू जात नाही, म्हणून क्लॅरिनेटवरचा हात काढून बोटं दाखवायची. आधी चार, मग दोन, की सगळे बेचाळीस उचलतात. ही चाल तीसेक वर्षांपूर्वी त्यांना एका कॅसेटवर मिळाली. मालेगावचा एक यंत्रमाग दुरुस्त करणारा मेकॅनिक आखातातून परतताना ती घेऊन आला होता. तिच्यावर नाव नव्हतं, भाषा कोणालाच कळत नव्हती, आणि चाल ऐन रंगात असताना टेपची बाजू संपत होती.

तात्यांनी होती तेवढी लिहिली, खाली अर्धं पान कोरं सोडलं, आणि टेप जिथे संपायची तिथेच बँड खाडकन थांबवला. लोकांना वाटलं, चालच तशी. मग नाचणारेही तिथे जागच्या जागी थिजू लागले. जो हलला तो बाद. पुढे पुढे गावोगाव फर्माईश येऊ लागली, “मास्तर, अर्धी होऊ द्या!” माझ्या लग्नात माझे सासरेच बाद झाले होते. चांदवडला आले की अजून कोणीतरी त्यांना विचारतंच, “पाव्हणं, आज हलणार का?”

लोकांची करमणूक झाली, पण तात्यांना ते कोरं पान सलत राहिलं. आता डॉक्टरांनी फुंकायला मनाई केली आहे. दोन आठवड्यांवर माझ्या भावाच्या मुलीचं लग्न आहे आणि त्यानंतर क्लॅरिनेट पेटीत जाणार. त्याआधी एकदा तरी बेचाळीस पूर्ण वाजवायची, एवढंच त्यांचं मागणं.

मुलीने मोबाईल पुढे धरला. “आजोबा, वाजवा. हा ऐकून गाणं शोधतो.”

“हा? हा कधी वरातीत गेलाय का?”

पहिल्या खेपेला तात्यांना मध्येच दम लागला. दुसऱ्या खेपेला काकांनी मांडीवर ठेका धरला. मोबाईलने तीन गाणी दाखवली. पहिली दोन भलतीच निघाली. तिसरं सुरू झालं आणि काका ओरडले, “मास्तर, हे तर आपलं हाय!”

“आपलं नाय,” तात्या म्हणाले. “गप ऐक.”

आमच्यापेक्षा सावकाश, पण तीच. आमची थांबायची जागा आली. काकांचा हात हवेत थांबला, आईच्या बोटांत मेथीची काडी तशीच राहिली, मीही श्वास रोखला. सवयच तशी. गाणं मात्र थांबलं नाही. अकॉर्डियन वर चढलं आणि त्याच्यामागोमाग गाणाऱ्याचा आवाजही. तात्यांनी चष्मा काढून ठेवला.

मुलीने माहिती वाचून दाखवली. हे राई संगीत, अल्जेरियातल्या ओरान बंदरातलं. नावाचा अर्थ मत, म्हणणं. मालेगावकडे ‘आपकी क्या राय है’ म्हणतात, तीच ही राय. लग्नांत आणि दारूच्या गुत्त्यांत वाढलेलं, प्रेमाचं आणि नशेचं उघड बोलणारं, म्हणून सभ्य घरांनी दूर ठेवलेलं. पुढे त्यात कीबोर्ड आला, स्वस्त कॅसेटी निघाल्या, त्या कामगारांच्या सामानातून समुद्र ओलांडून फ्रान्सला गेल्या, आणि तिथून जगभर. मी मनात टप्पे मांडले: ओरान, फ्रान्स, आखात, मालेगाव, चांदवड. एवढा रस्ता, आणि आमच्याकडे एका शब्दाचाही अर्थ कळलेला नसताना माणसं नाचली. नोकरीत मी आयुष्यभर याद्या करून सामान पाठवते, तरी अर्धं चुकतं. हे न पाठवता पोचलं. मला त्याचं फार कौतुक वाटलं.

काकांना वेगळीच काळजी. “पूर्ण वाजवली तर लोकांनी थांबायचं कुठं? पब्लिक आपल्याला बाद करंल!”

तात्यांनी विचार केला. “थांबायचं तिथंच. चार मात्रा गप. हलंल तो बाद. मग पुढं.”

“आणि वरचं? तिथं लय दम लागंल.”

“तिथं ट्रंपेट उचलंल. मी खालून साथ धरतो.”

हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की आई मेथी बाजूला ठेवून त्यांच्याकडे बघत राहिली. आयुष्यात त्यांनी वरची जागा कोणाला दिली नव्हती.

मग वही निघाली. एकेक तुकडा पुन्हा लावून त्यांनी कोऱ्या पानावर चार ओळी उतरवल्या. वर चढणाऱ्या जागेशी पेन अडलं. स्वर इतके भरभर घसरत होते की त्यांच्या कानाला सुटे होईनात. लहानपणी त्यांनीच मला सरगम लिहायला शिकवली होती. बारावीनंतर मी ती सोडली. त्यांनी वही माझ्याकडे सरकवली.

“तुझे कान अजून चांगले हायेत. ट्रंपेटवाल्याला वाचता येईल असं लिही.”

औषधं दिली, शेगडी झाली, पत्रिकाही गेल्या. आता नाशिकला, गंगापूर रोडच्या माझ्या घरी वही टेबलावर उघडी आहे. तो तुकडा मी अकरा वेळा ऐकला. बेचाळीस नंबरच्या शेवटच्या दोन ओळी अजून लिहायच्या आहेत.