विसण

सेलूच्या मोंढ्याजवळ माझं पाइप-नळाचं दुकान आहे. मी बन्सीधर तोंडानं फटकळ आहे, असं गिऱ्हाइकं म्हणतात आणि ते खरं आहे. एखादा नळाची चकाकीच बघत बसला की मी सरळ विचारतो, मोरीत बसवायचा आहे की गळ्यात घालायचा? शिवाप्पाला मात्र मी असं कधी बोललो नाही. तो कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर होता, त्याला नळातलं माझ्यापेक्षा जास्त कळायचं.

त्याच्या बायकोला, उमादेवीला, महारोग झाला होता. औषधानं रोग गेला, डॉक्टरांनी तसं लिहूनही दिलं. पण जाताना तो दोन्ही हातांची बोटं वाकडी करून गेला आणि हातांतली जाणीवही घेऊन गेला. चटका कळेना, म्हणून शिवाप्पानं तिला चुलीपासून लांब ठेवलं. भाकरी तोच थापायचा. सकाळी बंबातलं कढत पाणी बादलीत काढायचा, त्यात गार पाण्याचं विसण घालायचा, स्वतःचा हात बुडवून बघायचा आणि मग तांब्यानं तिच्या हातातोंडावर ओतायचा. अकरा वर्षं त्यानं हे केलं, आणि कुणाजवळ चकार शब्द काढला नाही.

ही माणसं लिंगायत. गळ्यातलं लिंग डाव्या तळव्यावर घेऊन पूजा केल्याशिवाय उमादेवी पाण्याचा घोटही घेत नसे. वाकड्या बोटांत लिंग कसंबसं बसायचं, पण बसायचं. तिला खंत एकच होती, की पूजेआधी हात-तोंड दुसऱ्यानं धुवून द्यावं लागतं.

अठ्ठ्याऐंशीच्या दिवाळीनंतर एका दुपारी, बाजार सुस्तावलेला असताना, शिवाप्पा तिला घेऊन दुकानात आला. ती पायरीखालीच उभी राहिली. मी "वर या, वहिनी" म्हणालो, पण जरा उशिरा म्हणालो. तो उशीर तिला कळला. त्याची मला अजून लाज वाटते.

"बन्सीभाऊ," ती म्हणाली, "मला माजं तोंड माज्या हातानं धुवायचंय. दुसरं काय नगं."

भिंतीतलं बेसिन तिच्या कामाचं नव्हतं. त्याच्या कडेला नुसती बोटं टेकता येतात आणि बोटांचाच तर सगळा घोळ होता. माझ्याकडं एक गोल, कटोऱ्यासारखं पांढरं बेसिन तीन वर्षं पडून होतं. ते ओट्यावर ठेवून बसवायचं. हैदराबादहून हौसेनं आणलं होतं, पण बघणारा प्रत्येक जण हसून जायचा, की यात काय पीठ मळायचं? उमादेवीनं त्याच्या दोन्ही बाजूंना कोपरं टेकली, मान वाकवली आणि तोंड बरोबर बेसिनवर आलं. शिवाप्पानं खिशातून खडू काढला आणि तिच्या कोपराच्या उंचीवर माझ्याच भिंतीला रेघ मारली.

नळाची पंचाईत होती. फिरवायचा नळ तिला फिरवता येईना. दवाखान्यात डॉक्टर कोपरानं ढकलतात तसा लांब दांड्याचा नळ हवा होता. तो मी हैदराबादहून मागवला. विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळं पार्सल परभणीत चार दिवस अडकलं, तर शिवाप्पा रोज कारखाना सुटला की येऊन दुकानापुढं उभा राहायचा. विचारायचा मात्र नाही.

ओटा त्यानं स्वतः बांधला. रेघेच्या मापानं शहाबादी फरशी बसवली, वर बेसिन, पत्र्यावर टाकी. चार दिवसांनी उमादेवी एकटी दुकानावर आली आणि या वेळी पायरी चढून वर आली. कपाळावरचे विभूतीचे पट्टे तिरपे झाले होते. मी म्हणालो, वहिनी, आज पट्टे घसरलेत. ती हसली आणि म्हणाली, "मी लावलेत."

एवढ्यावर मी गप्प बसलो असतो तर! पण माझी जीभ. पौषाची थंडी पडली होती. मी शिवाप्पाला म्हणालो, अरे, एवढं केलंस तर बाईला बर्फासारख्या पाण्यानं कशाला धुवायला लावतोस? बंब उंचावर ठेव, त्याच्यातून एक लाइन काढ, दुसरा तसाच नळ मी देतो. तो म्हणाला, "शेटजी, तिला कळंल का?" मी म्हणालो, न कळायला काय झालं? आधी गार सोडायचं, मग गरम. लहान लेकरालाही जमेल.

त्यानं तिला तसं शिकवलं. बूच लावायचं, मनातल्या मनात वीस म्हणेपर्यंत गार, दहापर्यंत गरम. आठ दिवस सगळं नीट चाललं. अकरा वर्षं जो हात पाणी तपासत होता तो आता बाजूला झाला आहे, हे आम्हा दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही. आम्ही नळ बघितले, पाइप बघितले, उताराचा हिशेब बघितला.

नवव्या दिवशी शिवाप्पा बंब पेटवून पहाटेच्या पाळीला गेला होता. रात्रीत टाकी रिकामी झाली होती. उमादेवीनं गार नळ ढकलला, त्यातून थोडं गुरगुरून पाणी आलं आणि बंद झालं. मान वळवून ती एकेका आकड्याला मंत्र म्हणत होती, त्यामुळं पाणी थांबलेलं तिला कळलं नाही. तिनं वीस मोजले, गरम नळ ढकलला, दहा मोजले आणि दोन्ही हात बुडवून ठेवले. वाफ तिला दिसली, पण थंडीत वाफ रोजच दिसायची. तोंडाला चटका कळला असता, पण हात आधी गेले, आणि तोंडावरून फिरवले तोवर ते ओले हात थंडीत निवले होते. मग ती पूजेला बसली. लिंग डाव्या तळव्यावर घेतलं, तेव्हा तळव्याची कातडी सरकलेली तिला दिसली.

उजवा हात वाचला. डाव्यातली जखम चिघळली आणि परभणीला तो मनगटापासून काढावा लागला. तिला भेटायला जाण्याचं धाडस मला महिनाभर झालं नाही. गेलो तेव्हा स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकून ती बसली होती. मी म्हणालो, वहिनी, गरमचं मीच सुचवलं. ती म्हणाली, "मला ठावं हाय, भाऊ. तुमी वाईट न्हाई केलं." मग थांबून म्हणाली, "पन आता लिंग कुटं ठिवू?"

मी उठून ओट्याकडं गेलो.

शिवाप्पानं गरम लाइन तोडली होती. बेसिन तसंच होतं, कोरडं. तो परत बादली घेऊन बसायचा, विसण घालायचा, हात बुडवायचा, तांब्यानं ओतायचा. मला तो वाकडा शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

त्र्याण्णवच्या थंडीत ती गेली. लिंगायतांत दफनाआधी अंघोळ घालतात. अंगणात दोन बादल्या भरल्या होत्या, एक कढत आणि एक गार. बायका तिला घेऊन बसल्या होत्या, विधी करणारे जंगम घाई करत होते. शिवाप्पानं सगळ्यांना थांबवलं. कढत बादलीत त्यानं दोन तांबे गार पाणी घातलं, बाही वर सारली आणि कोपरापर्यंत हात बुडवला. बराच वेळ तसाच धरला. मग हात काढून आणखी एक तांब्या घातला आणि पुन्हा हात बुडवून बघितला.

त्यानं हात बाहेर काढेपर्यंत आम्ही सगळे उभे होतो.